दापोलीत बिऱ्हाड हलवावं का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

शहरातलं बस्तान आवरून कॉलेजच्या लहानशा गावी राहायला जावं का, असं विचारणारी पत्रं गेले काही महिने सतत येत आहेत. त्यांत दापोलीची पत्रं जास्त, म्हणून या वेळची सगळी जागा दापोलीला दिली आहे. ज्यांना गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर हा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडचा तालुका. समुद्र काही किलोमीटरवर, पण गाव सुमारे ८०० फूट उंचीवर. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती १५ हजारांच्या आसपास होती. १९७२ साली इथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याला आता डॉ. बाळासाहेब सावंत यांचं नाव आहे. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी शिकायला राज्यभरातून मुलं येतात. रेल्वे गावात नाही. जवळचं स्टेशन खेड, २८ किलोमीटरवर.

प्रश्न : माझ्या पतींची दापोलीच्या कृषी विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून निवड झाली आहे. मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते. मुलगी दुसरीत आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट घातला. डिसेंबरात आम्ही दोन दिवस राहून आलो, सगळ्यांनाच गाव फार आवडलं. सगळ्यांनी जावं की यांनी एकट्यानेच? — वाचिका, कोथरूड

आमचं मत आधी सांगतो. यांनी आत्ता एकट्याने रुजू व्हावं. तुम्ही तिघींनी लगेच घर हलवू नये. मधल्या काळात दोन फेऱ्या कराव्यात आणि जमतंय असं दिसलं तर पुढच्या एप्रिलअखेर जावं.

डिसेंबरात दापोली आवडणारच. हवा कोरडी, रस्ते मोकळे, विहिरींना पाणी, वीज सहसा टिकलेली. गावाची खरी परीक्षा असते जुलैच्या मध्यावर आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात. जुलैत सलग तीन रात्री राहा. मोठ्या हॉटेलात नको, तिथे जनरेटर असतो आणि वीज किती वेळ गेली ते कळतच नाही. ओळखीच्या घरी किंवा घरगुती खोलीत उतरा. येताना ताम्हिणी, माणगाव, महाड या वाटेने स्वतःच्या गाडीने या, म्हणजे सुट्टीला घरी जाणं म्हणजे काय ते कळेल. भोरवरून येणारा वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, त्यावर हिशेब बांधू नका. एकूण अंतर १९० किलोमीटरच्या आसपास. कोरड्या दिवसांत पाच तास, पावसात सहा-सात धरा.

आता सासूबाई. बाकी सगळं जुळवून घेता येतं, हे येत नाही, म्हणून याची चौकशी सर्वांत आधी. हृदयविकाराच्या झटक्यात ॲन्जिओप्लास्टी १२० मिनिटांच्या आत होणार नसेल, तर आधी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, आणि तेही रुग्णालयात पोचल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, असा वैद्यकीय संकेत आहे. ॲन्जिओप्लास्टी जिथे होते ते चिपळूणच्या पुढचं डेरवणचं वालावलकर रुग्णालय दापोलीहून ८० ते ९० किलोमीटर. खेडपर्यंत वळणांचा रस्ता, पुढे महामार्ग, मध्ये परशुराम घाट. दोन तास धरा, पावसात अडीच. म्हणजे १२० मिनिटांचं गणित इथे बसत नाही, आणि सगळी भिस्त गावातल्या पहिल्या अर्ध्या तासावर राहते. म्हणून गावातल्या उपजिल्हा रुग्णालयात आणि एखाद्या खाजगी रुग्णालयात स्वतः जाऊन पुढचे प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता ईसीजी काढायला माणूस असतो का? ते इंजेक्शन साठ्यात आहे का, की आणावं लागतं? रविवारी आणि गणपतीच्या दिवसांत ते कोण देतं? उत्तर ‘बघू, होतं काहीतरी’ असं आलं, तर सासूबाईंना पुण्यातच ठेवणं योग्य. मग त्यांच्याबरोबर कोण राहणार, यावर तुमचा निर्णय ठरेल.

त्यांना आणायचं ठरलंच, तर जुना ईसीजी आणि ॲन्जिओप्लास्टीचा अहवाल प्लास्टिकच्या आवरणात घालून दाराशी टांगून ठेवा. नव्या ईसीजीत काय बदललं, हे जुना शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरांना चटकन ठरवता येत नाही. पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठेवा की ईसीजीचा फोटो मोबाइलवर पाठवला तर ते बघतील का. डॉक्टरांनी चालू ठेवलेल्या गोळ्या जूनच्या आधी दीड महिन्याच्या घरात असाव्यात. २२ जुलै २०२१ला चिपळूण आणि खेडच्या बाजारपेठा पुराखाली गेल्या. दापोली उंचावर, तिला पूर लागत नाही, पण औषधांची गाडी आणि रुग्णवाहिका ज्या वाटेने जातात ती वाट खालून जाते.

तुमचं काम. फायबर गावात आहे, वेगही पुरेसा मिळतो. घोटाळा होतो तो जोडणी मध्येच खंडित होण्यात. दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी घेतली तरी दोन्ही तारा बहुधा त्याच विजेच्या खांबांवरून येतात. झाड पडलं की दोन्ही एकदम तुटतात. म्हणून दुसरी सोय तारेची न घेता मोबाइलची घ्या. जुलैच्या फेरीत दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणा आणि वीज जाऊन सहा तास झाल्यावर कुठलं चालू राहतं ते पाहा, कारण टॉवरच्याही बॅटऱ्या संपतात. व्हिडिओवरच्या बैठकीला अपलोडचा वेग ३ ते ४ एमबीपीएस लागतो. रात्री नऊला तोच मोजा. डाउनलोडचा आकडा पाहून खूश होऊ नका.

इन्व्हर्टरचा हिशेब असा. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. घट आणि बॅटरी तळाला न नेण्याची काळजी धरता हाती १,००० उरतात. साधे दोन पंखे १५० वॉट, चार एलईडी ३६, राउटर १५, लॅपटॉप ५०, मिळून अडीचशे. म्हणजे चार तास. पंखे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे घेतले, तर दोघांचे मिळून ६० वॉट आणि तीच बॅटरी सहा तासांवर जाते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, स्वस्त पडतं. मे महिन्याच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा राउटर जळतात. फायबरमधून वीज येत नाही, ती येते प्लगमधून. म्हणून गडगडाट सुरू झाला की ॲडॅप्टर भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. घराचं अर्थिंगही तपासून घ्या. इथली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग धरत नाही. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं.

पैशाचं थोडं. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. घरभाडे भत्त्यासाठी पुणे मोठ्या शहरांच्या एक्स वर्गात आणि दापोली लहान गावांच्या झेड वर्गात, आणि झेडचा दर एक्सच्या एक तृतीयांश. ३० आणि १० टक्क्यांच्या दराने पुण्यात १७,३१० मिळाले असते तिथे दापोलीत ५,७७० मिळतात. विद्यापीठाचं निवासस्थान घेतलं तर तेही नाहीत. निवासस्थानांच्या प्रतीक्षा यादीत आपला क्रमांक कितवा, हे रुजू होतानाच लेखी विचारून घ्यावं. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: नोकरी विद्यापीठाची आहे, दापोलीची नव्हे. याच विद्यापीठाची केंद्रं वेंगुर्ल्याला, कर्जतला, रत्नागिरीजवळ भाट्याला आहेत आणि बदली तिथे होऊ शकते. पुण्यातला फ्लॅट निदान तीन वर्षं विकू नका.

प्रश्न : जूनपासून दापोलीत भाड्याचं घर घ्यायचं आहे. गावात घ्यावं की जालगाव-गिम्हवण्याकडे? घर बघताना काय बघायचं? — वाचक, नाशिक

बाजारपेठ आणि केळसकर नाक्याच्या आसपास घर घेतलं, तर सगळं पायी होतं आणि वीज गेली तर लवकर परत येते. जालगाव, गिम्हवणे गावाला लागून. तिथे घरं ऐसपैस, अंगण मिळतं, पण स्कूटरशिवाय चालत नाही आणि वाडीतल्या शेवटच्या घरांना वीज सर्वांत शेवटी येते. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर गावात घ्या.

जागेपेक्षा जास्त महत्त्वाची आहे पश्चिमेची भिंत. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या जवळजवळ पाचपट, आणि तो वाऱ्यावर स्वार होऊन पश्चिमेकडून आडवा येतो. त्या बाजूच्या खिडक्यांवर निदान अडीच फुटांचा छज्जा किंवा पुढे पडवी हवी. नसेल तर जुलैत झड थेट गादीपर्यंत येते. उन्हाळ्यात घर बघत असाल तर भिंत वाचायला शिका. जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत रंगाला फोड आले आहेत आणि बोट लावलं की पांढरी पूड हाताला लागते, याचा अर्थ पाया पाणी ओढतोय; रंग दिल्याने ते थांबत नाही. छताच्या कोपऱ्यात चहाच्या डागासारखी तपकिरी वर्तुळं दिसली, तर स्लॅब गळतो. खिडकीच्या खाली हिरवट काळा पट्टा असेल, तर छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवलेली नाही. पाणी कड वळून भिंतीवर येतं. यातलं फक्त शेवटचं घरमालक एका दिवसात दुरुस्त करून देऊ शकतो. भिंतीला नुकताच ताजा रंग दिलेला असेल, तर कपाट सरकवून त्याच्या मागे बघा. तिथे कोणी रंग देत नाही.

छप्पर कौलारू असेल तर शाकारणी कोण करणार हे भाडेकरारात लिहून घ्या. दर मे महिन्यात कौलं काढून, फुटकी बदलून पुन्हा लावावी लागतात. वानरांच्या टोळ्या उड्या मारत जातात आणि कौलं फुटतात किंवा जागची हलतात. एक कौल चार बोटं सरकलं तरी खालची खोली जाते. म्हणून शाकारणी झाल्यावरही घरात पंधरा-वीस जादा कौलं आणि एक ताडपत्री असू द्या. सपाट स्लॅबचं घर असेल तर वर पत्र्याची शेड हवीच. ती शोभेची नाही, गळती रोखायला तोच एक खात्रीचा उपाय आहे, आणि कपडे वाळवायला दुसरी जागा नसते.

एवढ्या पावसाच्या गावात मे महिन्यात पाण्याची ओढ का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. जांभा सच्छिद्र. पडलेलं पाणी तो गाळून खाली ओढ्यांना, वहाळांना देऊन टाकतो, साठवत नाही. मार्चपासून विहिरी उतरतात. तेव्हा मालकाला ‘पाणी आहे का’ असं विचारू नका, ‘हो’च म्हणतील. ‘मेच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीत किती हात पाणी असतं आणि गेल्या वर्षी टँकर कधी घेतला’ असं विचारा, आणि शेजारच्या घरीही तेच विचारा. चौघांना काटकसरीने दिवसाला ४०० लिटर लागतं. २,००० लिटरची टाकी म्हणजे पाच दिवस. टाकी ५०० लिटरची असेल आणि नळ एक दिवसाआड येत असेल, तर घर कितीही सुंदर असो, सोडून द्या.

शेवटचं, घराच्या मागचा उतार. जांभा कापून जागा सपाट केली असेल आणि मागे माणसापेक्षा उंच मातीचा कडा उघडा असेल, तर त्या बाजूच्या खोलीत झोपू नये. कड्याच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर आहे का ते बघा.

राहायला गेल्यावर लाकडी कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब आणि पायाखाली फरशीचे तुकडे घालून ठेवा. चामड्याचे बूट, पट्टे, कॅमेरा, महत्त्वाची कागदपत्रं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पुड्या ओलावल्या की तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात. पुस्तकं गच्च लावू नका, हवा खेळती राहिली तर बुरशी कमी धरते. जांभ्याच्या भोकांत आणि सरपणाच्या ढिगात विंचू असतात. कोकणातल्या तांबड्या विंचवाचं विष हृदयावर जातं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपचार दाखवून दिला, त्यामुळे पूर्वीसारखे मृत्यू होत नाहीत, पण वेळ दवडायची नाही. घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, तर मांत्रिक-बिंत्रिक न करता सरळ सरकारी दवाखाना. पायात घालण्याआधी बूट झटकायची सवय मुलांना पहिल्या आठवड्यातच लावा.

प्रश्न : मुलीला वनशास्त्राला प्रवेश मिळाला आहे. एकुलती एक आहे. तिच्यासाठी मी चार वर्षं दापोलीत खोली घेऊन राहावं असं वाटतं. — पालक, जळगाव

राहू नका. विद्यार्थिनींसाठी वसतिगृह आवारातच आहे आणि या शिक्षणाची निम्मी मजा वसतिगृहातच आहे. सकाळची प्रात्यक्षिकं शेतावर, रोपवाटिकेत असतात. मुली एकत्र जातात-येतात. शिवाय शेवटच्या वर्षात कार्यानुभवासाठी गावोगावी राहावं लागतं, तेव्हा तुमची खोली तिच्या उपयोगाची नाही. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये चार दिवस जाऊन या, कारण मुलींना घरची आठवण तेव्हा सर्वांत जास्त येते: सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, सुट्टी लांब. जाताना सुती कपडे कमी आणि लवकर वाळणारे जास्त द्या, दोन छत्र्या, गमबूट. आतले कपडे दहा जोड तरी असू द्या.

प्रश्न : आम्ही मासे खाणारी माणसं. पावसाळ्यात तिथे काय मिळतं? भाजी? — वाचिका, ठाणे

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे हर्णैचा लिलाव थांबतो. मग खाडीचे, नदीचे मासे, तेही मिळतील तेव्हा. म्हणून इथे आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी करतात. मे महिन्यातच सोडे, सुकट, बोंबील कडकडीत उन्हं दाखवून डब्यात भरायचे, कुळीथ, तांदूळ, मीठ, कांदे घरात आणून ठेवायचे. कांदे टांगून ठेवा, जमिनीवर कुजतात. मीठ आणि गूळ काचेच्या बरणीत. घाटावरून येणारी भाजी पावसात महाग आणि शिळी मिळते. त्यापेक्षा टाकळा, भारंगी, शेवळं, कुर्डू या रानभाज्या ओळखायला शिका. शेवळं घशाला खाजतात, ती काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घालूनच शिजवायची.

प्रश्न : निवृत्तीनंतर दापोलीजवळ दहा गुंठे घेऊन छोटं घर बांधायचा विचार आहे. एजंट म्हणतो सातबारा स्वच्छ आहे. आम्ही शेतकरी नाही. — निवृत्त शिक्षक, डोंबिवली

तुम्ही शेतकरी नसाल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. ‘नंतर करून देऊ’ या बोलीवर एक रुपयाही देऊ नका. बिनशेतीचा आदेश झालेलाच भूखंड बघा आणि आदेशाची प्रत तहसील कचेरीतून स्वतः पडताळा.

सातबाऱ्यावर कोकणात तीन गोष्टी अडकवतात. पहिली, सामायिक क्षेत्र. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. विकणारा म्हणतो ‘हा कोपरा माझ्या वहिवाटीचा’, पण वाटप झालेलं नसेल तर त्याचा कोपरा कागदावर नाही. पोटहिस्सा पडलेला आणि मोजणीचा नकाशा हातात असलेलीच जमीन घ्या. दुसरी, ‘इतर हक्क’ रकान्यातली कुळाची किंवा कुळकायद्याच्याच कलम ४३ची नोंद. तिच्या विक्रीला परवानगी लागते. तिसरी, ‘वनसंज्ञा’ किंवा खाजगी वनाचा शेरा. हा दिसला तर बाहेर पडा, घर बांधायला परवानगी मिळवताना वर्षं जातात. किनाऱ्यालगत मुरुड, कर्देकडे बघत असाल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमनाचे निर्बंध लागू होतात.

रस्ता विचारा. कोकणात भूखंडापर्यंतची वाट पुष्कळदा दुसऱ्याच्या आवारातून, तोंडी संमतीवर चालत आलेली असते. जमीन विकली गेली, शहरातला माणूस आला, की ती संमती संपते. खरेदीखतात रस्त्याचा हक्क, रुंदीसकट, लिहिलेला हवा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. वकील एजंटने सुचवलेला नको.

आणि हे सगळं करण्याआधी एक वर्ष भाड्याने राहा, जून ते मे. तुमच्या वयाला ही अट आम्ही कळकळीने घालतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीवर नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरं उडाली आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एटीएम बंद, फोन बंद, पंप बंद. त्या दिवसांत ज्यांच्याकडे रहाट असलेली विहीर होती आणि घरात चार-पाच हजार रोख होते त्यांचं निभावलं. घर बांधाल तेव्हा विहिरीवर पंपाबरोबर रहाटही ठेवा, आणि माडापासून घर माडाच्या उंचीइतकं लांब घ्या.

प्रश्न : मुलगा आठवीची परीक्षा देईल. पत्नीची बदली दापोलीच्या कॉलेजात झाली आहे. या जूनला जावं की दहावी झाल्यावर? जायचंच तर सामान कधी हलवावं? — वाचक, सांगली

याच जूनला जा, किंवा मग दहावीनंतरच. नववी झाल्यावर हलवणं सर्वांत वाईट: शाळा नवी, शिक्षक नवे, आणि दहावीचं वर्ष निम्मं ओळखी होण्यात जातं. राज्य मंडळाच्या चांगल्या शाळा दापोलीत आहेत, ए. जी. हायस्कूल तर शतकाहून जुनी. मुलगा केंद्रीय मंडळात शिकत असेल तर आधी तुकडी आणि जागा आहे का याची खात्री करून घ्या. अकरावी-बारावी विज्ञान इथे होतं, पण इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या मोठ्या शिकवण्या इथे नाहीत. त्या वेळी मुलगा बाहेर जाणार की घरी राहून ऑनलाइन शिकणार, हे आजच त्याच्याशी बोलून ठेवा. त्याच्या दोन वर्षांच्या राहण्या-जेवणाचा खर्च तुमच्या दापोलीच्या हिशेबात आत्तापासून धरा, कारण स्वस्त गाव म्हणून जमलेली शिल्लक बहुतेक घरांत तिथेच जाते.

येण्याजाण्याचं: खेडला कोकणकन्या, मांडवी आणि दिवा-सावंतवाडी थांबतात, वंदे भारतही थांबते. सांगलीकरांना मात्र रेल्वेचा उपयोग नाही, तुम्हाला कराड-कुंभार्ली घाट-चिपळूण हीच वाट. गणपतीत आणि शिमग्यात मुंबईहून कोणी येणार असेल तर आरक्षण ६० दिवस आधी, खिडकी उघडल्या क्षणी. त्या दिवसांत खेडच्या भरणे नाक्यावरून दापोलीकडे येणाऱ्या गाड्याही तुडुंब असतात, उतरून पुढे कसं येणार ते आधी ठरवून सांगा.

सामान मेच्या शेवटच्या आठवड्याआधी पोचलं पाहिजे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो आणि एकदा ओली झालेली गादी ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. ट्रकवाल्याला विचारा, घाटात फिरणारा म्हणजे लहान आकाराचा ट्रक आहे ना आणि वाडीच्या रस्त्यावर वळतो का. मोठा ट्रक नाक्यावर थांबतो आणि टेम्पोचं भाडं वेगळं पडतं. ताडपत्री दुहेरी बांधायला लावा, वळिवाचा भरवसा नाही. फ्रिज उभाच न्या, आडवा नेला तर पोचल्यावर चोवीस तास चालू करू नका. प्लायवूडचं जुनं फर्निचर मागे ठेवा. इथल्या दमटपणात ते दोन पावसाळ्यांत फुगतं. गाद्या सर्वांत शेवटी चढवा, म्हणजे पोचल्याबरोबर आधी त्याच उतरतील.